गाडीला काळी फिल्म लावल्यानंतर

गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गिरगाव, दादर, परळ, लालबागहून निघालेल्या गाड्या आपल्या जिल्ह्यातल्या वाडीवाडीत येऊन उभ्या राहतात. गावी निघण्याआधी गाडीचे थोडे कोडकौतुक होते. टायर बदलतात, नवी सीटकव्हर चढतात आणि पुष्कळजण काचांना फिल्म मारून घेतात. कोणी तिला सनकंट्रोल म्हणतो, कोणी नुसतेच ‘काळी काच’ म्हणतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारसामानाचा जुना बाजार आहे. आता तालुक्याच्या गावीही हे काम करणारी दुकाने निघाली आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ मुंबईकरांचा राहिलेला नाही.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात गाडीच्या काचेचे काय काम? पण फिल्म लावल्यावर काही दिवसांनी यातली काही मंडळी परळच्या माझ्या दवाखान्यात येतात. एकाचे डोके दुखत असते, एकाला रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, एखाद्या बाईंना कातडीच्या विकारासाठी काळ्या काचेची ‘चिठ्ठी’ हवी असते. या सर्वांना जे सांगतो तेच आज सविस्तर सांगत आहे.

पहिले पंधरा दिवस

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. त्याच्या एका बाजूस गोंद असतो. कारागीर काचेवर साबणाचे पाणी फवारतो, त्यावर फिल्म सरकवून बसवतो आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर काढतो. थोडे पाणी मात्र आत राहतेच. ते हळूहळू वाळते. तोपर्यंत काच धुरकट, दुधाळ दिसते, बारीक पाण्याचे फुगे दिसतात. उन्हाळ्यात हे काही दिवसांत जाते. पावसाळ्यात, विशेषतः गाडी आडोशाला उभी असेल तर, दोन-चार आठवडेही लागतात. पहिले चार-पाच दिवस काच खालीवर करू नये, आणि फुगा दिसला म्हणून नखाने किंवा सुईने टोचू नये.

या दिवसांत धुरकट काचेतून पाहताना डोळ्यांवर ताण येतो. कपाळ जड होते, डोळे चुरचुरतात. याने कायमचा अपाय होत नाही. पण एवढे दिवस रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा. शनिवारी फिल्म मारायची आणि रविवारी पहाटे तीनला गावाकडे निघायचे, हा बेत चांगला नाही.

दुसरी तक्रार वासाची. नव्या गोंदाचा वास गाडी उन्हात तापली की जास्त येतो. दम्याच्या रुग्णांना खोकला लागतो, अर्धशिशी असणाऱ्यांचे डोके उठते, गरोदर स्त्रियांना मळमळते. यावर उपाय साधा आहे. काचा खाली करता येत नसल्या तरी दारे उघडता येतात. गाडीत बसण्यापूर्वी पाच मिनिटे चारही दारे उघडी ठेवावीत आणि वातानुकूलन यंत्राला बाहेरची हवा घेऊ द्यावी. आठ-दहा दिवसांनंतरही डोके दुखत असेल तर मात्र दोष वासावर ढकलू नये. रक्तदाब मोजून घ्यावा, चष्म्याचा नंबर तपासावा.

तीन आठवड्यांनंतरही काचेतून पाहताना रस्ता लहरीसारखा हलताना दिसला किंवा एका दिव्याचे दोन दिवे दिसले, तर फिल्म हलकी आहे किंवा नीट बसलेली नाही. स्वस्त रंगीत फिल्म काही काळाने जांभळी पडते आणि सुटू लागते. अशी फिल्म काढून टाकलेली बरी.

ऊन एक, पण किरण तीन प्रकारचे

काळी काच म्हणजे उन्हापासून संरक्षण असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे घोटाळा होतो.

सूर्याकडून आपल्याला तीन गोष्टी मिळतात. पहिली, डोळ्यांना दिसणारा प्रकाश. दुसरी, उष्णता, तिच्यातला मोठा भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. तिसरी, अतिनील किरण. तेही दिसत नाहीत, पण कातडी काळवंडते आणि अकाली सुरकुतते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. फिल्मचा काळेपणा यातली फक्त पहिली गोष्ट, म्हणजे प्रकाश, किती अडला ते सांगतो. उरलेल्या दोन अडल्या की नाही, हे रंगावरून कळत नाही. जवळजवळ पूर्ण पारदर्शक असूनही ९९ टक्के अतिनील किरण अडवणाऱ्या फिल्म मिळतात. उलट दाट काळी, स्वस्त फिल्म प्रकाश अडवते, पण उष्णता फारशी रोखत नाही.

आता मुळातल्या काचेकडे पाहू. पुढची मोठी काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते. म्हणून ती फुटली तरी विखरत नाही. याच थरामुळे अतिनील किरणही अडतात. बाजूच्या काचा साधारणतः एकेरी, कडक केलेल्या असतात. २०१६ मध्ये अमेरिकेत २९ मोटारींची तपासणी प्रसिद्ध झाली. यूव्हीए नावाचे अतिनील किरण पुढच्या काचेने सरासरी ९६ टक्के अडवले, तर चालकाच्या बाजूच्या काचेने सरासरी ७१ टक्के. काही गाड्यांत बाजूची काच निम्मे किरणसुद्धा अडवत नव्हती. म्हणजे पुढच्या काचेला या कामासाठी फिल्मची गरजच नाही. प्रश्न असलाच तर तो बाजूच्या काचांचा आहे.

याचे उदाहरण २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवलेल्या ६९ वर्षांच्या गृहस्थांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक म्हातारी दिसत होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवीकडे बसतो. मुंबईचे जुने टॅक्सीवाले उजवे कोपर खिडकीत ठेवून गाडी हाकत. त्यांचे दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवायला सांगितले की फरक लगेच दिसतो.

ऊन कोणत्या बाजूने येते हे आपण कुठून कुठे जातो यावरही ठरते. लालबागहून सकाळी ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्याचे तोंड उत्तरेला असते, म्हणून पूर्वेचे ऊन त्याच्या उजव्या अंगावर येते. संध्याकाळी तो दक्षिणेकडे परततो तेव्हा पश्चिमेचे ऊनही उजवीकडूनच येते. ठाण्याहून लालबागला कामाला येणाऱ्याचे बरोबर उलटे होते. दोन्ही वेळा ऊन डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या अंगावर येते. तेव्हा सगळ्या काचा सरसकट काळ्या करण्याआधी आपला रोजचा रस्ता आठवावा. पुष्कळांचे काम पूर्ण बाह्यांच्या सुती सदऱ्यावर भागते.

औषधे आणि कातडीचे विकार

काही औषधे घेत असताना कातडी उन्हाला अधिक नाजूक होते. पावसाळ्यात परळच्या हिंदमाता भागात पाणी साचते. त्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टर अनेकदा डॉक्सिसायक्लिन देतात. गोळी घेतल्यावर एखाद्याच्या हातावर किंवा मानेवर उन्हाने लाल चट्टा उठतो. हे काम यूव्हीए किरणांचे असते, त्यामुळे गाडीची काच बंद असूनही ते होऊ शकते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन यांचाही असा परिणाम होतो. चट्टा आला तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

ल्यूपस, वांग, कोड अशा विकारांत उन्हापासून जपावेच लागते. या रुग्णांनी पूर्ण बाह्या, दुपट्टा, टोपी आणि सनस्क्रीन मलम यांवर पहिला भर द्यावा. गाडीतून उतरल्यावरही हा बंदोबस्त आपल्याबरोबर येतो. काच येत नाही.

आणखी एक शंका नेहमी विचारतात: ‘डॉक्टर, फिल्म लावल्याने ड जीवनसत्त्व कमी होईल का?’ नाही. ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण साधी काचही जवळजवळ पूर्णपणे अडवते. बंद गाडीत बसून ते आधीही मिळत नव्हते.

खरा धोका रात्रीचा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. वीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यात, मागच्या पडद्यापर्यंत, जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. वयाबरोबर बाहुली लहान होते, अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतले भिंगही पिवळट होत जाते. हे रोग नसतानाचे सांगतो आहे. याचा अर्थ, साठी आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यात निसर्गाने आधीच एक फिल्म लावलेली आहे. तिच्यावर आपण दुसरी लावतो.

काचेचे गणितही ध्यानात घ्या. समजा बाजूची काच मुळातच १०० पैकी ७५ भाग प्रकाश आत सोडते. तिच्यावर ‘५० टक्के’ची फिल्म लावली तर ५० भाग आत येतील असे वाटते. प्रत्यक्षात ७५ चे निम्मे, म्हणजे साडेसदतीसच येतात. दुकानात फिल्मवरचा आकडा दाखवतात. डोळ्यांना मिळतो तो दोहोंचा गुणाकार.

दिवसा प्रकाश भरपूर असतो, म्हणून हे जाणवत नाही. दिवेलागणीला जाणवते. लालबागच्या उड्डाणपुलाखाली किंवा भारतमाता थिएटरजवळ रस्ता ओलांडणारा माणूस गडद कपड्यांत असेल, वर पाऊस असेल, तर तो अर्धा सेकंद उशिरा दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरहून अधिक पुढे जाते. रस्ता ओलांडणाराही चालकाच्या तोंडाकडे पाहून ‘याने मला पाहिले का’ याचा अंदाज घेत असतो. काळ्या काचेआड त्याला तोंड दिसत नाही.

उजेडातून अंधारात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. गिरगाव चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हहून सुरू होणारा सागरी किनारा मार्गाचा बोगदा २०२४ मध्ये खुला झाला. आपल्या मुंबई-गोवा रस्त्यावर कशेडीचा बोगदा आहे. आत दिवे असले तरी भर दुपारी शिरताना पहिले काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण उन्हाचा चष्मा शिरण्यापूर्वी काढून ठेवू शकतो. काचेला चिकटलेली फिल्म काढून ठेवता येत नाही.

गावी पोचल्यावरचा धोका तर याहून जवळचा. सणाला घर पोरांनी भरलेले असते. रात्री अंगणात गाडी मागे घेताना मागची काच काळी असेल तर चाकामागे उभे असलेले मूल दिसत नाही. अशा वेळी घरातल्या एका मोठ्या माणसाने खाली उतरून मागे उभे राहावे, पोरांना पडवीत बसवावे आणि मगच गाडी हलवावी.

ऊन सहन होत नाही, ते का?

फिल्म लावायला निघालेल्या माणसाला मी एक प्रश्न विचारतो: तुम्हाला ऊन आताच का सहन होईनासे झाले?

लालबागचे एक गृहस्थ, वय सत्तावन्न, स्वतःची टूरिस्ट गाडी चालवतात. उन्हाची तिरीप सोसत नाही म्हणून त्यांनी फिल्म लावली. दिवसा बरे वाटले. रात्री मात्र समोरच्या दिव्यांभोवती पिसारा दिसू लागला. फिल्म वाईट म्हणून त्यांनी ती काढून दुसरी, महाग लावली. तोच प्रकार. माझ्याकडे आले ते डोकेदुखीच्या गोळीसाठी. मी विचारले, ‘घरात टीव्ही पाहताना धूसर दिसतं का?’ ते म्हणाले, ‘दिसतं खरं, पण मी म्हटलं चष्मा जुना झाला असेल.’ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू निघाला. एका प्रकारचा मोतिबिंदू असा असतो की त्यात भर उजेडातच जास्त त्रास होतो. काळी काच त्या त्रासावर पांघरूण घालते, दिवसा आराम देते आणि रात्रीची उरलीसुरली दृष्टीही काढून घेते. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यावर ते पुन्हा गाडी चालवू लागले, तेही फिल्म काढून. मधल्या काळात रात्री त्यांच्या गाडीत बसून गेलेल्या प्रवाशांना आपण कोणत्या डोळ्यांच्या भरवशावर निघालो होतो, याची कल्पनाही नव्हती.

ऊन एकाएकी सहन होईनासे झाले तर मोतिबिंदूखेरीज डोळ्यांची कोरड, डोळ्याच्या आतली सूज, अर्धशिशी अशी कारणेही असतात. डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसून डोके दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. हे काचबिंदूचे लक्षण असू शकते, आणि काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. जिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी होते, मोतिबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत होते. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीने भागते का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास बंदी केली आणि ४ मे २०१२ पासून ती अमलात आणायला सांगितले. नंतर २०२० मध्ये या नियमात सुधारणा झाली. तिच्या आधारे २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म चालेल, असा निकाल दिला. तरी आपल्याकडे रस्त्यात हवालदाराशी वाद घालण्यापेक्षा पैसे खर्च करण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी. नव्या गाडीला कारखान्यातूनच बसवलेली हलक्या हिरवट झाकेची प्रमाणित काच कायद्याला धरून असते.

राहिला प्रश्न चिठ्ठीचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काळ्या काचेची सूट द्यावी अशी तरतूद या नियमात नाही. म्हणून कोणी मागितली तरी मी ती देत नाही. रुग्णाला ती उपयोगी पडत नाही आणि वर दंड भरावा लागतो तो वेगळाच.

बंद गाडी आणि लहान मुले

‘फिल्म आहे, गाडी तापत नाही,’ या भरवशावर मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये. चांगली फिल्म तापण्याचा वेग कमी करते, तापणे थांबवत नाही. अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला उभ्या असलेल्या एका गाडीत खेळायला शिरलेली दोन लहान भावंडे मृतावस्थेत सापडली. उभी गाडी नेहमी कुलूपबंद ठेवावी, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. मूल हरवले तर विहिरीइतक्याच घाईने आधी गाडी उघडून पाहावी. काळ्या काचेतून बाहेरून पाहून ‘आत कोणी नाही’ असे ठरवू नये.

थोडक्यात

१. पुढच्या काचेला फिल्म लावू नये.
२. रंग पाहून फिल्म घेऊ नये. प्रकाश, उष्णता आणि अतिनील किरण यांचे तिन्ही आकडे वेगवेगळे विचारावेत.
३. काच आणि फिल्म मिळून किती प्रकाश पार होतो, ते यंत्राने मोजून दाखवायला सांगावे.
४. पन्नाशीनंतर फिल्म लावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, आणि पुढे दरवर्षी तपासावेत.
५. फिल्म लावल्यानंतर वास, धुरकटपणा आणि फुगे जाण्यासाठी दोन-चार आठवडे द्यावेत. तोवर रात्रीचा लांबचा प्रवास नको.
६. रात्री दिवे फुटलेले दिसत असतील तर आधी डोळे तपासावेत, मग काच.
७. काचा धुताना अमोनिया असलेले द्रव वापरू नये. मऊ कापड आणि साधे साबणाचे पाणी पुरते.

उन्हात उभ्या गाडीसाठी झाडाची सावली, पुढच्या काचेआड लावायचा चंदेरी पडदा आणि गाडीत बसण्यापूर्वी दोन मिनिटे उघडी ठेवलेली दारे, एवढ्याने बराच ताप कमी होतो. त्याला ना दंड पडतो, ना रात्रीची नजर कमी होते.